छापावे

माझ्या मामाला छापखान्यात सगळे भिंग म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. एकतीस वर्षं त्याने एकाच खुर्चीत बसून औषधांची पत्रकं वाचली. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो ना, जो आपण खोकं उघडल्याबरोबर फेकून देतो, तो. छापण्याआधी त्याचा नमुना, म्हणजे प्रूफ, मामाच्या टेबलावर यायचं. मूळ कागद डावीकडे, प्रूफ उजवीकडे, हातात पट्टी. एकेक ओळ, एकेक आकडा. पाच मिलिग्रॅमचे पन्नास झाले तर माणूस जातो, हे मी लहानपणी गोष्टींऐवजी ऐकलंय.

ही खोड घरीही सुटायची नाही. कोणाची लग्नपत्रिका आली की तो आधी चुका काढायचा आणि मग विचारायचा, लग्न कोणाचं आहे. मी शाळेत असताना माझ्या बाईंनी वहीत दिलेल्या शेऱ्यातली चूक दुरुस्त करून त्याने वही परत पाठवली होती. त्यानंतर वर्षभर त्या बाईंनी मला कशात घेतलं नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. मामा आठ दिवसांसाठी म्हणून आमच्या तीन खोल्यांत राहायला आला, तो राहिलाच. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं तर म्हणायचा, ‘वाचण्यात वेळ गेला.’ त्याआधीही त्याचं हेच. आजोबा वारले तेव्हा तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने कॉलेज सोडलं, छापखाना धरला आणि धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, शिकवलं. आई पदवीधर झाली. मामाच्या नावाचा मात्र शाळेच्या दाखल्यापलीकडे एक कागद घरात नाही. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण आईला ते सलतं. मलाही सलतं.

आता माझं. मी हेल्पलाइनवर काम करते. कोणाचं खातं अडकतं, कोणाला पासवर्ड आठवत नाही, कोणाला बटण सापडत नाही. ते फोन करतात आणि मी सांगते. दिवसाला सत्तर-ऐंशी जण. आमचे साहेब म्हणतात, तुझ्या आवाजात चिडचिड कधी ऐकू येत नाही. घरी विचारा म्हणावं त्यांना. दिवसभराचा सगळा धीर मी परक्यांवर खर्चून येते आणि घरच्यांच्या वाट्याला गाळ उरतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे.

गेल्या वर्षी छापखान्याच्या थोरल्या मालकांनी कामातून अंग काढून घेतलं आणि त्यांची मुलगी कारभार बघू लागली. बाई वाईट नाही. तिने तिन्ही वाचणाऱ्यांना बोलावून सरळ सांगितलं की आता प्रूफं कागदावर नाहीत, पडद्यावर वाचायची, आणि औषध कंपन्यांची अट आहे की वाचणाऱ्याकडे त्याचं प्रमाणपत्र हवं. एका संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम होता. जो प्रमाणपत्र आणेल त्याची खुर्ची राहील, जो आणणार नाही त्याला पॅकिंगला जावं लागेल. बाकीचे दोघे तिशीतले. मामा चौपन्न वर्षांचा, आणि निवृत्तीला चार वर्षं बाकी.

मला वाटलं, तो हाय खाईल. तर स्वारी खूश होऊन घरी आली. येताना एक वही आणली होती, तिला जेवायच्या आधी कव्हर घातलं. आईला म्हणाला, ‘चला, आता मी परत विद्यार्थी.’ आई हसली, मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारपाजारी सांगत सुटली की आमचा दादा कॉलेजात जातो.

नाव नोंदवायलाच आम्हाला तीन दिवस लागले. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन होता, ‘मी सर्व अटी व शर्ती वाचल्या आहेत.’ जगात ही खूण न वाचताच करायची असते. मामा म्हणाला, ‘वाचल्या नाहीत तर वाचल्या कसं म्हणायचं?’ त्या अठ्ठावीस पानी अटी तो पट्टी पडद्याला लावून वाचत बसला. तिसऱ्या दिवशी खूण केली, आणि संस्थेला पत्र लिहिलं की कलम अकरा आणि कलम एकोणीस एकमेकांना छेद देतात. त्यांचं उत्तर आलं नाही.

मग ‘मी यंत्रमानव नाही’ हे सिद्ध करण्याची पाळी आली. नऊ चौकोनांतले सिग्नल ओळखायचे. माझ्यासारखी माणसं तीन चौकोन दाबून मोकळी होतात. मामाला शेजारच्या चौकोनात सिग्नलच्या खांबाची केसाएवढी कड दिसायची आणि तो तीही दाबायचा. सात वेळा नापास झाला. मी म्हटलं, खांब सोड. तो म्हणाला, खांब सिग्नलचाच आहे, हवेत लटकलेला नाही. तो बरोबर होता, यंत्र त्याला आत घेत नव्हतं, आणि माझी बस चुकली. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले.

पण तो शिकला, हे मला सांगितलंच पाहिजे. रोज सकाळी सहा ते आठ, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझा जुना लॅपटॉप आणि ती कव्हर घातलेली वही. पहिला महिना नुसती बोटं शोधण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात तो इंटरनेटवर औषधांची नावं ताडून बघायला लागला, आणि एकाच गोष्टीचे चार ठिकाणी चार आकडे दिसले की अस्वस्थ व्हायचा. कोणतं मूळ मानायचं, विचारायचा. मी सांगायचे, मामा, इथे मूळ असं काही नसतं. हे त्याच्या पचनी पडलं नाही. शेवटी स्वतःच रस्ता काढला. ज्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख आहे तेवढंच धरायचं. पुढे एका धड्यात नेमकं हेच शिकवलं तेव्हा तो दिवसभर मिशीत हसत होता. दर आठवड्याच्या चाचणीत वेळ संपला की पान आपोआप बंद व्हायचं आणि गुण यायचे. त्याचे कधी पंचाण्णवच्या खाली आले नाहीत.

चाचण्यांखेरीज आठ लेखी कामं होती. एकेका पत्रकातल्या चुका शोधून त्यांच्यावर सविस्तर लिहायचं, आणि ते संस्थेचे शिक्षक तपासणार. पास व्हायला ती आठही पोचायला हवीत. मामाने या आठ कामांत जीव ओतला. पान उघडायचं, चौकटीत लिहायचं, आणि खाली दोन बटणं होती. एकावर ‘जतन करा’, दुसऱ्यावर ‘सादर करा’. दुसऱ्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सादर केल्यानंतर कोणताही बदल करता येणार नाही.

इथे छापखान्याची एक रीत सांगावी लागेल. प्रूफ वाचून झालं की शेवटी कोणीतरी त्यावर ‘छापावे’ असं लिहून सही करतो. ती सही झाली की परतीचा रस्ता नाही, यंत्र सुरू. आणि मामाच्या छापखान्यात ज्याने वाचलं त्याने ‘छापावे’ कधीही लिहायचं नाही. त्याने प्रूफ खिडकीतल्या लाकडी ट्रेमध्ये ठेवायचं आणि उठायचं. फोरमन ते उचलतो, दुसऱ्या डोळ्यांनी बघतो, आणि सही तो करतो. पूर्वी असं नव्हतं. मामा नवीन लागला तेव्हा ज्या मास्तरांच्या हाताखाली तो शिकत होता, त्यांनी एकदा घाईत स्वतःच वाचून स्वतःच ‘छापावे’ लिहिलं. एक दशांश चिन्ह उडालं होतं. लहान मुलांचं औषध होतं. वीस हजार पत्रकं छापून खोक्यांत गेल्यावर ते कळलं आणि खोकी दारातून परत आणली, म्हणून निभावलं. मास्तर त्याच दिवशी कोट उचलून गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून तो नियम. मामाने तो एकतीस वर्षं पाळला, आणि या नियमात आणखी एक गोष्ट मुरलेली होती. चूक असेल तर प्रूफ परत येतं. परत आलं नाही म्हणजे सगळं ठीक.

त्याने पहिलं काम लिहिलं, ‘जतन करा’ दाबलं, आणि वर राखाडी अक्षरं आली, ‘मसुदा जतन झाला आहे.’ त्याच्या हिशेबाने प्रूफ ट्रेमध्ये गेलं. तरी त्याने विचारलं. तो न विचारता पुढे जाणारा माणूस नव्हे. सकाळचे साडेसात झाले होते, मी दारात एक बूट घालून दुसरा शोधत होते.

आतून त्याने विचारलं, ‘अगं, हे लिहून झालंय. आता पुढे कोण पाठवतं?’

मी म्हटलं, ‘जतन केलंस ना? मग झालं. पुढचं त्यांच्याकडे आपोआप होतं.’

मी पडदा बघितला नाही. आत चार पावलं टाकायची होती. त्या दिवशी कामावर मी किती परक्या माणसांना विचारलं असेल, ‘आपल्याला पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते वाचून दाखवाल का?’ आमच्याकडे हाच पहिला प्रश्न असतो, मला तो झोपेतही म्हणता येतो. मामाला मी तो विचारला नाही.

पुढचे चार महिने तो सुखात होता. एकामागून एक कामं ट्रेमध्ये टाकत राहिला आणि एकही परत आलं नाही. आईने विचारलं, शिक्षक काही म्हणतात का रे दादा, तर तो म्हणाला, काही म्हणत नाहीत म्हणजे चांगलंच आहे. संस्थेकडून सगळ्या विद्यार्थ्यांना मिळून सूचना यायच्या, ‘ज्यांनी अद्याप काम सादर केलेलं नाही त्यांनी त्वरित करावे.’ मामा त्या मला वाचून दाखवायचा आणि मान हलवायचा. म्हणायचा, आजकालची मुलं आळशी, बिचाऱ्यांना किती वेळा सांगावं लागतं. मीही हसायचे. मला वाटलं, म्हातारा रंगात आलाय, असू दे.

निकाल एका शनिवारी लागला. आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. आईने त्याला नवा शर्ट घालायला लावला होता, निकाल पडद्यावर येणार होता तरी. चाचण्या, सत्त्याण्णव टक्के. लेखी कामं, आठपैकी शून्य सादर. निकाल, अनुत्तीर्ण.

मामाने ते दोनदा वाचलं. मग पट्टी घेतली, ओळीखाली धरली आणि तिसऱ्यांदा वाचलं. मला म्हणाला, काहीतरी राहिलंय त्यांच्याकडून, तू बघ. मी लॅपटॉप ओढून घेतला. आठही कामं तिथेच होती, एकाखाली एक, प्रत्येकावर राखाडी ‘मसुदा’. मी उघडून बघितली. असं नेटकं, काळजीपूर्वक लिहिलेलं मी कामावर किंवा कॉलेजात कधी पाहिलं नाही. खालची दोन्ही बटणं आता फिकट पडली होती, दाबून दबत नव्हती. मी विचारलं, मामा, हे दुसरं बटण तुला दिसलं नाही का?

‘दिसत होतं की,’ तो म्हणाला. ‘पण ते माझं नव्हतं. मी वाचणारा.’

सोमवारी मी कामावरून संस्थेच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, गोड आवाजाची. ती म्हणाली, मी आपली अडचण समजू शकते. ती म्हणाली, दुर्दैवाने मुदत संपल्यानंतर मसुदा ग्राह्य धरता येत नाही. आणखी काही मदत हवी आहे का, असंही विचारलं. शब्दन् शब्द आमचा. या वाक्यांमागे काय असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. काहीही नसतं. तरी मी तिच्याशी वीस मिनिटं भांडले. शेवटी ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘ताई, माझ्या हातात खरंच काही नाही हो,’ आणि मी फोन ठेवला.

मालकीणबाईंना भेटायला मी मामाबरोबर गेले. जाताना ठरवलं होतं की सगळं सांगायचं. त्याने विचारलं होतं, मी चुकीचं सांगितलं, त्याचा दोष नाही, एवढंच. त्यांच्या खोलीत काचेपलीकडे छपाईयंत्र चालू होतं, टेबलावर नव्या पडद्यांची खोकी पडली होती. मालकीणबाईंनी आठही मसुदे मामाकडून मागवून कागदावर काढले होते आणि वाचलेही होते. त्या म्हणाल्या, काका, हे फार उत्तम आहे, मग पाठवलं का नाहीत? कोणी काही चुकीचं सांगितलं का?

माझं तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, ‘नाही. वाचण्यात माझी चूक झाली.’

एकतीस वर्षांत हे वाक्य त्या इमारतीत त्याने कधी उच्चारलं नव्हतं. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पडद्यांच्या खोक्यांकडे बघत राहिले. बाईंनी कागद एकावर एक नीट लावले आणि म्हणाल्या, कंपन्यांचे तपासनीस येतात, मला सूट देता येत नाही. सहा महिन्यांनी पुढची तुकडी आहे, ती करा, तोवर खुर्ची मी कोणाला देत नाही. मामाने मान डोलावली आणि त्यांचे आभार मानले.

तो पॅकिंगला गेला. आता तीच पत्रकं त्याच्यासमोर छापून येतात आणि तो त्यांच्या घड्या घालून खोक्यांत ठेवतो. मी विचारलं, घडी घालताना वाचतोस का? म्हणाला, वेळ नसतो, मिनिटाला अकरा खोकी व्हावी लागतात. घरीही वाचत नाही. एकदा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एका मंत्र्याचं वय एकशे चौसष्ट छापून आलं होतं. मी मुद्दाम पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने बघितलं आणि उलटलं. आई आत भांडी आपटत होती, दोष कोणाला द्यावा ते तिला कळत नव्हतं. मला कळत होतं.

साडेपाच महिने मी ते पोटात ठेवलं. मग एका रविवारी दुपारी आई बाहेर गेली होती, मामा सुईदोरा घेऊन शर्टाचं बटण लावत बसला होता, आणि मला राहवेना. मी म्हटलं, मामा, पहिल्या कामाच्या वेळी तू मला विचारलं होतंस. मी न बघता सांगितलं.

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. सुईवरची नजर न काढता.

त्याला निकालाच्या दिवसापासूनच माहीत होतं. मग तिथे का नाही बोललास, विचारलं, तर म्हणाला, बोलून काय झालं असतं, तुझंही नाव लागलं असतं, एवढंच. आणि पुढे असंही म्हणाला की कामावर निघालेल्या माणसाला विचारू नये, ही अक्कल मला हवी होती. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी रडले. त्याने बटण पुरं लावलं, दोरा तोडला आणि मला पाणी आणून दिलं.

मी डोळे पुसले आणि म्हटलं की नव्या तुकडीचे फॉर्म सुरू झालेत, वीस तारखेपर्यंत भरायचे आहेत. मी दुपारची पाळी मागून घेतली आहे. रोज सकाळी सहा ते आठ मी तुझ्याशेजारी बसेन, शेवटच्या बटणापर्यंत. खुर्ची अजून रिकामी आहे.

त्याने शर्टाची घडी घातली, ती मोडली, परत घातली.

‘मला त्या यंत्राची भीती नाही गं वाटत,’ तो म्हणाला. ‘ते येतं मला. पण परत कुठे अडलं, तर तुला विचारावं लागेल. त्याची वाटते.’

मी म्हटलं, विचार ना, हजारदा विचार. तो म्हणाला, बघू. त्याचं ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला चौथ्या वर्षापासून ठाऊक आहे. तरी मी एकोणीस तारखेपर्यंत रोज आठवण केली, आणि तो रोज तितक्याच मायेने बघू म्हणाला. वीस तारीख मंगळवारी होती. तो नेहमीच्या वेळेला पॅकिंगला गेला.